जिथे हुंकार थांबतो

माझ्या सातवीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला सहा नियमांचा एक पुठ्ठा टांगलेला होता. अक्षर माझे, अधोरेखन लाल शाईचे. त्यातला तिसरा नियम असा : गोष्ट चालू असताना मध्ये आवाज करू नये. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तो लिहिला आणि पुढे बरीच वर्षे तो योग्य आहे असे मानत राहिले. तो चुकीचा होता हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळले. ती हकीकत मी क्रमाने सांगणार आहे, कारण गोष्टीतला नायक कशाने मोठा होतो या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्रमानेच मिळाले.

मी मूळची जव्हारची. वडिलांचे बाजारपेठेत कापडाचे दुकान होते आणि घरात मापाला फार महत्त्व होते. मीटरपट्टी जागेवर सापडली नाही तर जेवणाला उशीर होई. अशा घरातून मी शिक्षिका झाले आणि नेमणूक मिळाली मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर. सकाळी एसटीने मोखाडा, तिथून जीपने फाटा, फाट्यापासून पायी. शनिवारी शाळा सकाळची असते. त्या दिवशीचा शेवटचा तास मी गोष्टीसाठी राखला. पहिल्याच शनिवारी मी सुरुवात केली, "एक होता सुतार."

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हां."

"त्याला दोन मुलगे होते."

"हां."

"मोठा मुलगा आळशी होता."

"हां."

नव्या बाईंची फिरकी घेतली जात आहे, अशी माझी खात्री झाली. सोमवारी पुठ्ठा भिंतीवर गेला. मुलांनी नियम निमूटपणे पाळला. शाळेला भेट द्यायला येणारे साहेब माझ्या वर्गाच्या शांततेचे कौतुक करत आणि मी ते कौतुक घरी जाऊन सांगत असे.

पुढे गोष्ट सांगण्याचे काम मी मुलांकडे सोपवले. दर शनिवारी एकाने स्वतः रचलेली गोष्ट सांगायची. मी मागच्या बाकावर बसून वहीत तीन रकाने भरत असे : नायक, त्याची शक्ती, शेवट. काही महिन्यांनी ती वही चाळली तेव्हा लक्षात आले की मधला रकाना फुगत चालला आहे. एका नायकाने वाघ उचलला. पुढच्या शनिवारच्या नायकाने वाघासकट डोंगर उचलला. ठाणे-मुंबईला कामाला जाऊन आलेल्या मोठ्या भावांच्या मोबाईलवर मुलांनी हवेत ट्रक फेकणारे वीर पाहिले होते आणि त्यांच्यासाठी शब्दही तिकडूनच आला होता. "बाई, माझा हिरो फुल पावरवाला हाय," असे आधीच जाहीर करून मुले गोष्टीला सुरुवात करत. एकाच्या नायकाने तर पृथ्वीच उचलली.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मंग तो उभा कुठं राहिला?"

सांगणारा क्षणभरही अडला नाही. "दुसऱ्या पृथ्वीवर."

वर्ग हसला आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागला. ते पाहणे मी वहीत नोंदवले नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता. मुले गप्प होती आणि गप्प मुले ऐकत असतात, असा माझा समज होता.

ती मुलगी खिडकीलगत बसे. अभ्यासात बरी, बोलण्यात कमी. एका मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मला एक गोष्ट करून द्या."

"करून देणार नाही. तू करत असशील तर मदत करीन. कशासाठी हवी आहे?"

मग तिने जे सांगितले ते मी तिला तीनदा विचारून नीट समजून घेतले. तिचा आजा कथा सांगणारा होता. घरात काही कार्य असले, पीक घरात आले की तो पितळी थाळी पुढ्यात घेई. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात रोवलेली एक सरळ काडी. काडीवरून चिमटीने बोटे खाली ओढली की थाळी भुंग्यासारखी घुमते आणि त्या घुमण्यावर कथा चालते. सांगणाऱ्यासमोर एकजण बसतो. त्याचे काम एवढेच, की प्रत्येक वाक्याला "हां" म्हणायचे. तो हुंकार. तो आला की सांगणाऱ्याने पुढे जायचे. तो आला नाही तर थांबायचे आणि कुठे चुकले ते शोधायचे. लहानपणापासून आजासमोर हुंकाराला हीच मुलगी बसत आली होती. आता तिला थाळीमागे बसायचे होते.

"मग आजोबा काय म्हणाले?"

"काका हसला. म्हणला, पोरीच्या हातात थाळी बघितली नाय कधी. आजा नाय हसला. आजा म्हणला, देवाची कथा मी शिकवीन, पण आधी आपल्या तोंडची एक गोष्ट सांगून दाखव. खळ्यावर, सगळ्यांसमोर, उजेडी. रात्रीची मुंडी झोपेनं पण हलते. पयल्यापासून शेवटपर्यंत सांग नि हां थांबू देऊ नको."

"आणि थांबली तर?"

"तर आजाच्या मागं थाळी आढ्यालाच टांगून राहील. काकाला नकोच हाय ती. तो कंपनीत जातो."

मग ती अगदी सहज म्हणाली, "वर्गात सांगायला मजा येत नाय बाई. हां नाय आली तर सांगणाऱ्याला कसं कळंल, गोष्ट पुढं गेली का नाय?"

मी पुठ्ठ्याकडे पाहिले. पहिल्या शनिवारचा तो एकसुरी "हां" मला स्पष्ट ऐकू आला. मुलांनी माझी फिरकी घेतली नव्हती. त्यांच्या घरी पाहुण्या कथेकऱ्याला जो मान देतात, तो त्यांनी मला दिला होता आणि मी तो लाल शाईने खोडला होता. तरी प्रामाणिकपणे लिहायचे तर पुठ्ठा मी त्या दिवशी काढला नाही. आपली चूक कळणे आणि ती सर्वांसमोर भिंतीवरून उतरवणे, यांत काही दिवसांचे अंतर पडते.

मदतीला मात्र मी पद्धतशीर लागले. फळ्यावर आदर्श नायकाचे गुण लिहिले : धैर्य, बळ, चातुर्य, परोपकार, निश्चय. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि आठ दिवसांत त्या सर्व गुणांचा एक तरुण तयार केला. तो वाघाला हाताने धरी, पुराला पाठीने अडवी, कोणाचेही कोडे सोडवी, सर्वांना क्षमा करी. गोष्ट व्यवस्थित होती. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

शनिवारी ती वर्गात ती गोष्ट सांगत होती. मोखाड्याच्या बाजाराला जाण्याआधी नातीला सोबत घ्यायला आलेला तिचा आजा व्हरांड्यात दाराशी टेकून बसला होता. बारीक अंगाचा, कानात मुदी, डोक्याला पांढरे फडके. नातीने पहिले वाक्य म्हटले आणि दारातून आवाज आला, "हां." सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. वडीलधाऱ्या माणसाला तिसरा नियम कसा सांगणार?

वाघ झाला. "हां." पूर झाला. "हां," पण जरा उशिरा. मग त्या तरुणाने डाकूंना एकट्याने बांधले आणि दारातून काहीच आले नाही. मुलगी जागच्या जागी थांबली. पुढचे वाक्य तिला पाठ होते, मला दिसत होते, तरी ते तिच्या तोंडून बाहेर पडेना.

आजाने दारातूनच विचारले, "त्याला भूक लागते का?"

"नाय. तो फुल पावरवाला हाय."

"मंग तो कोणाच्या घरी जेवायला जात नसंल."

"नाय."

"ज्याला कोणाच्या दारात थांबायचं नाय, त्याची गोष्ट आमच्या दारात कशाला थांबंल? ती जाईल पुढं. जाऊ दे तिला." मग माझ्याकडे वळून तो अदबीने म्हणाला, "बाई, पोरीला नेऊ का? जीप सुटंल."

ती दोघे गेल्यावर मी फळ्यावरची ती पाच गुणांची यादी पुसली. पण मी मापाच्या घरातली. एक माप चुकले तर मी दुसरे घेतले. सोमवारी मी तिला सांगितले, "नायकाला एक दुबळी बाजू दे. सगळे बळ असावे, पण एके ठिकाणी उणे असावे." तिने लगेच दिली. नायकाचे पाय ओले झाले की त्याची शक्ती जाते. मला हे चांगले वाटले, म्हणून या वेळी वर्गाचे मत विचारले.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मंग त्यानं भाताच्या आवणीतले प्लास्टिकचे बूट घालावे."

"बाजारात मिळतात," दुसरीने भर घातली. "माझ्या बापाकडं हायेत. देऊ?"

सगळे हसले, गोष्टवालीसुद्धा. मी हसता हसता विचारात पडले. ती दुबळी बाजू बाहेरून चिकटवलेली होती. तिचा त्या तरुणाच्या इच्छेशी काही संबंध नव्हता, माणसांशी तर नव्हताच. बूट घातले की ती संपत होती. ज्या उणिवेवर दुकानात उपाय मिळतो, तिच्यावर गोष्ट उभी राहत नाही, एवढे त्या दिवशी मला कळले. पुढचे कळले ते स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात.

आमच्या शाळेत दुपारचे जेवण शिजवणाऱ्या मावशी विहिरीवरून पाणी आणतात. विहीर खाली आहे आणि चढ सरळ आहे. त्या दिवशी मावशी डोक्यावर हांडा, हांड्यावर कळशी घेऊन दारापाशी आल्या, थांबल्या आणि हाक मारली, "ए पोरी, हात दे." माझ्याशी बोलत उभी असलेली ती मुलगी धावली, वरची कळशी घेतली, मग दोघींनी हांडा उतरवला. हे दृश्य मी रोजच पाहत होते. त्या दिवशी विचारले, "मावशी, इतका चढ एकट्या चढून येता, मग इथे दारात हात कशाला लागतो?"

मावशींनी पदराने मान पुसली. "आणायला ताकद लागते बाई. उतरवायला माणूस लागतं."

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या हातात कळशी तशीच होती, पाणी हिंदकळून फ्रॉकवर सांडत होते.

"बाई," ती म्हणाली, "हीच."

गोष्टीतला तरुण त्याच दिवशी निवृत्त झाला. त्याच्या जागी एक बाई आली, जिच्या डोईवर काहीही ठेवले तरी तिला जड वाटत नसे, मात्र भार चढवायला आणि उतरवायला तिला दुसऱ्याचे हात लागत. मुलीने तिचे बळ तसूभरही कमी केले नाही, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते. नायकाला दुर्बळ करावे लागते असे मी समजत होते. या बाईचे बळ पूर्ण होते, फक्त ते सुरू होण्याची आणि संपण्याची जागा दुसऱ्या माणसाच्या हातात होती. आता तिच्या प्रत्येक पराक्रमात किमान दोन माणसे आली आणि दोन माणसे आली की रुसवा आला, उपकार आला, वाट पाहणे आले.

या वेळी मी फळ्यावर काही लिहिले नाही. फक्त विचारत गेले : तिला लागणारे हात कोणाचे? ते हात न आले तर? का आले नाहीत? उत्तरे तिने आणली. तिसरा नियम मी त्याच सुमारास पुठ्ठ्यावरून कापून काढला. तिथे अजूनही चौकोनी भोक आहे आणि त्यातून भिंतीचा रंग दिसतो.

नागलीचे पीक घरात आले आणि एका रविवारी मला खळ्यावर बोलावणे आले. शेण सारवलेली गोल जागा, कडेला पेंढ्याची उडवी, पाड्यावरची बरीच माणसे, काका सुट्टीचा शर्ट घालून. मी कडेला बसायला निघाले तेव्हा आजाने थाळीसमोरच्या गोणपाटावर हात मारला.

"बाई, इथं. हां तुम्ही म्हणायची."

"मी? मला कुठे सवय आहे?"

"थाळी आज मी वाजवतो, ती सांगंल. हां परक्या माणसाची पायजे. घरच्यांची हां मायेची असते, पोरांची घाईची. तुम्ही लाल शाईवाल्या."

"मलाही तिची माया आहे, आजोबा."

"मंग बघू की," आजा म्हणाला. "खोटी हां दिली तर थाळीला कळतं."

थाळीला काय कळते ते मला ठाऊक नव्हते, पण मी पदर सावरून ताठ बसले. परीक्षेचे पर्यवेक्षण मी अनेकदा केले आहे. त्या दिवशी पेपर कोण देत होते हे मला नीट ठरवता आले नाही. आजाने बोटे ओली केली, काडीवरून ओढली आणि थाळी घुमू लागली.

"एका पाड्यावर एक बाई होती."

"हां," मी म्हणाले. आवाज माझ्याच कानाला परका वाटला.

"तिच्या डोईवर काय पण ठेवा, तिला जड वाटायचं नाय."

"हां."

"पण भार चढवायला दोन हात लागायचे नि उतरवायला दोन हात लागायचे. दुसऱ्याचे."

"हां."

"ते हात तिच्या जावेचे होते."

"हां."

सांगता सांगता मुलीचे खांदे सैल झाले. ती बाई बळामुळे नावाजली. मग ती पाड्यातल्या सगळ्या बायांचे हांडे एकटीच आणू लागली. जाऊ म्हणाली, माझा हांडा मला आणू दे. ती म्हणाली, तुझी मान बारीक, तू बस. जाऊ बसली. दुसऱ्या दिवसापासून ती भार उतरवायला आली नाही. उपकाराखाली दबलेल्या इतर बाया येत, म्हणून त्या बाईला काही उणे वाटले नाही. मग पाड्याचा झरा आटला. म्हाताऱ्यांनी सांगितले, झरा रुसून सात डोंगरांपलीकडे गेला आहे. त्याला हांड्यात घालून आणावे, पण वाटेत कुठे हांडा टेकवला तर तो तिथेच मुरेल. ती गेली. तिकडच्या एका गुराख्याने झरा तिच्या डोईवर चढवला. माझ्या "हां"ला आता लय आली होती. प्रत्येक डोंगराला एक, असे सात हुंकार मी दिले आणि सातव्याला माझा घसा कोरडा पडला होता.

"ती पाड्यावर आली. सगळी माणसं पाणी शोधायला रानात गेली होती."

"हां."

"एकाच घरातनं धूर येत होता. जावेच्या."

"हां."

"ती जावेच्या दारात उभी राहिली."

"हां."

इथे उडवीमागे दोन लहान मुले भांडू लागली, कोणीतरी त्यांना दटावले, काकाने मनगटावरचे घड्याळ पाहिले. मुलीने ते पाहिले. तिचा आवाज एकदम भरभर झाला.

"मंग तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं नि तिनं एकटीनंच हांडा खाली ठेवला. झरा वाहायला लागला."

भोवतालच्या काही बायांनी समाधानाने मान हलवली. शेवट गोड होता. माझ्या ओठांवर "हां" तयार होती. ती दिली असती तर थाळी तिची झाली असती आणि मी ती द्यावी असे माझ्या मनात पूर्णपणे होते. पण मला मोजायची सवय आहे. हांडा एकटीने उतरवता येत होता, तर तो पहिल्या दिवशीही उतरवता आला असता. मग जाऊ कशाला हवी होती, तिचा रुसवा कशाला, ते दार कशाला? एका वाक्यात ती बाई फुल पावरवाली झाली होती आणि सात डोंगर माझ्या डोळ्यांसमोर सपाट झाले होते.

मी तोंड मिटून घेतले.

आजाने मान वर केली नाही. त्याची बोटे काडीवरून तशीच उतरत राहिली. थाळी घुमत होती आणि खळ्यावर दुसरा आवाज नव्हता. मुलगी माझ्याकडे पाहत होती. वर्गात उत्तर चुकल्यावर मुले जशी बाईंच्या चेहऱ्यावर बरोबर उत्तर शोधतात, तशी तिने काही क्षण शोध घेतला. मग तिने माझ्याकडे पाहणे सोडले आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहू लागली, जणू तिथे खरोखरच कोणी भार घेऊन उभे होते.

"नाय," ती म्हणाली. "हांडा उतरला नाय."

"हां."

"ती उभीच राहिली. ऊन डोईवर आलं."

"हां."

"तिनं हाक मारली नाय. हाक मारायची तिला सवय नव्हती."

"हां."

"जाऊ आत चुलीपुढं बसली होती. तिला दारात सावली दिसली. सावलीच्या डोईवर हांडा होता. ती पण उठली नाय."

"हां." ही उशिरा आली, कारण मध्ये मला श्वास घ्यावा लागला.

"मंग दारातली म्हणली, माझ्यानं नाय उतरत गं."

"हां."

"जाऊ आतनं म्हणली, तुझी मान तर जाड हाय."

बाया खळखळून हसल्या. उडवीमागची मुले भांडण विसरून पुढे सरकली होती.

"ती म्हणली, मानेचं काम झालं. आता हाताचं हाय."

"हां."

"जाऊ बाहेर आली. दोघींनी हांडा धरला नि खाली ठेवला. जिथं ठेवला तिथं झरा हाय. दोघींच्या दारांच्या मधोमध."

"हां," मी म्हणाले. तो आवाज मला परका वाटला नाही.

थाळी थांबली. पहिला बोलला तो काका. तो वाईट माणूस नव्हता. अटीचा पक्का होता, इतकेच. "हां एकदा थांबली," तो म्हणाला. "ठरलं होतं, थांबू द्यायची नाय."

थांबवणारी मीच होते. नियम शब्दशः वाचला तर काकाचे म्हणणे बरोबर होते आणि नियम शब्दशः वाचणे हा माझा व्यवसाय आहे. मुलगी मान खाली घालून म्हणाली, "थांबली होती, आजा."

आजाने काडीवरचे मेण अंगठ्याने दाबले. "थांबली. मंग चालू कोणी केली? मी केली? बाईनं केली?"

त्याने काकाकडे पाहिले, मग नातीकडे.

"माझी हां माझ्या बापानं तीन खेपा थांबवली होती," तो म्हणाला. "तिसऱ्या खेपेला मी रडलो होतो. ही रडली नाय. जिची हां कधी थांबतच नाय, तिचं कोणी ऐकत नसतंय, नुसती मुंडी हलवत असतंय." आणि त्याने थाळी दोन्ही हातांनी उचलून नातीच्या पुढ्यात सरकवली.

तिने बोटे ओली केली, आजासारखीच चिमूट धरली आणि काडीवरून ओढली. थाळीतून कुरकुर असा आवाज निघाला, चाकाला तेल नसल्यासारखा. पोरे हसली. काकाही हसला, पण या वेळचे हसणे वेगळे होते. तो उठून तिच्या मागे गेला आणि थाळी हलू नये म्हणून कड धरून बसला.

"मेण ऊन होऊ दे," आजा म्हणाला. "घाई नाय."

तिने पुन्हा ओढली. मग पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी आतून कुठेतरी भुंगा जागा झाल्यासारखा बारीक आवाज आला आणि आजा, गोणपाटावर माझ्या शेजारी येऊन बसत, "हां" म्हणाला. अजून तिने एक शब्दही उच्चारला नव्हता.

निघताना तो मला वेशीपर्यंत सोडायला आला. "पुढल्या खेपेला पण तुम्हीच बसा," तो म्हणाला. "तुमची हां महाग हाय." आजवर मिळालेले शेरे मी जपून ठेवलेले आहेत. हा कुठेही लिहिलेला नाही आणि सर्वांत वरचा आहे.

फाट्यावर जीप मिळाली. रोजचा ड्रायव्हर होता. रविवारी मला पाहून त्याला नवल वाटले.

"बाई, आज सुट्टीच्या दिवशी इकडं कुठं?"

"कामावर आले होते," मी म्हणाले. घसा बसलेला होता, म्हणून ते मला दोनदा सांगावे लागले.